बैजंतीचा म्हणे-नवरा

नंबर चौसष्ट गाव, कोरेंटाइन
१४ मार्च १९८३

दुलारी,

हे पत्र तुला बऱ्या तब्येतीत मिळो, असं मी दर वेळी सुरुवातीलाच लिहिते. या वेळी लिहीत नाही. माझी तब्येत बरी नाही, आणि तुझी बरी असेल तर मला त्याचाही राग येईल, इतकं माझं डोकं फिरलंय.

तुझा भैया गेला हे तुला तारेनं कळलंच. शेतातून आला, झुल्यात बसला, पाणी मागितलं. पाणी घेऊन आले तर संपलं होतं. तुला येता आलं नाही याबद्दल मी मनात काही ठेवलेलं नाही. तिकडचा बर्फ, तुझी इस्पितळातली नोकरी, सगळं समजतं मला. इकडे सगळं नीट पार पडलं. पंडितजी वेळेवर आले. उसाच्या होड्यांवरची त्याची सगळी जुनी मंडळी आली. सरकारनं गव्हाचं पीठ बंद केल्यापासून मयताच्या घरी तांदळाच्या पिठाच्या रोट्या करायची पाळी आलीय, त्या तुटतात, पण लोकांनी तुटक्या खाल्ल्या आणि कुणी तोंड वाकडं केलं नाही.

आता ऐक. दुपारी सगळे घराखाली, खांबांमधल्या सावलीत बसलो होतो. शेजारची मिस इनेझ कॉफी वाटत होती. रेडिओवर मयताच्या बातम्या लागायची वेळ झाली, तो ऑर्गन वाजला आणि सगळे रेडिओकडे वळले. रेडिओवरच्या बाईनं वाचायला सुरुवात केली. नंबर चौसष्टचे जगनरीन, ऊर्फ पायलट, यांचं निधन झालं. होमनाथ, प्रेमवती आणि चंद्रौती यांचे वडील. टोरांटोच्या दुलारी यांचे भाऊ. अमक्याचे काका, तमक्याचे मामा, कालव्यातून उसाच्या होड्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवरचे निवृत्त चालक, क्रिकेट क्लबाचे माजी खजिनदार. आणि सगळ्यात शेवटी, खजिनदारकीच्याही नंतर, बैजंतीचे रेप्यूटेड नवरा.

होमनाथनं उठून रेडिओ बंद केला. आणि चंद्रौतीची सासू, जी माझ्या घरचा तिसरा कप पीत होती, ती म्हणाली, "काय गं बाई, तुमचं लग्न झालं नव्हतं? आम्हाला सोयरीक करताना कुणी बोललं नाही."

नवरा आत आंघोळ घालून ठेवलेला आणि मी बाहेर लग्न झालं होतं की नव्हतं याचा जबाब देत उभी.

बातमी जॉर्जटाउनहून गेली, म्हणजे तुझ्या त्या चुलतभावानं, रूपर्टनंच दिली असणार. वकिलाच्या कचेरीत चार फायली इकडच्या तिकडे करतो म्हणून मोठा शहाणा झालाय. तू त्याला फोन कर आणि माझ्याकडून चांगलं झापून काढ. मी लिहिलं तर पोस्टवाला पत्र घेणार नाही.

तुझी भौजी,
बैजंती


टोरांटो
११ एप्रिल १९८३

भौजी,

तुझं पत्र वाचून खूप रडले. भैयाला शेवटचं पाहता आलं नाही ही रुखरुख जन्मभर राहील.

तू फार मनाला लावून घेऊ नकोस. चंद्रौतीची सासू पहिल्यापासून तोंडाळ आहे. रूपर्टला काही बोलू नकोस, त्यानं धावपळ करून बातमी वेळेत पोचवली. तो शब्द कायद्याचा आहे, शिवी नव्हे. आपल्याकडे बांबूच्या मांडवाखाली लग्न झालेल्या, सरकारदरबारी नोंद नसलेल्या निम्म्या बायकांना तोच लावतात. वर्तमानपत्रात रोज येतो. त्याचा अर्थ एवढाच की कागद नाही. तू बायको नव्हतीस असं कुणी म्हटलेलं नाही. तिकडे सगळ्यांना माहीत आहे तू कोण ते.

आता कामाचं. भैयाच्या समाधीसाठी संगमरवरी पाटी मी इथेच करवून घेतेय. इथला कारागीर चांगला आहे, अक्षरं खोल कोरतो, आपल्याकडच्या पावसानं पुसायची नाहीत. वर्षश्राद्धाच्या आधी कुणाच्या तरी हाती पाठवीन. मजकूर असा ठरवलाय: जगनरीन, ऊर्फ पायलट. जन्म, मृत्यू. रामदास व सुखदै यांचे पुत्र, दुलारीचे बंधू, होमनाथ, प्रेमवती व चंद्रौती यांचे पिता, बैजंतीचे रेप्यूटेड पती. देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो.

जागा थोडी आहे म्हणून नातवंडांची नावं घेता आली नाहीत. तुला पसंत असेल तर कळव.

तब्येत सांभाळ. दूध घेत जा.

तुझी,
दुलारी


नंबर चौसष्ट
९ मे १९८३

दुलारी,

दूध नाही मिळत. पावडरसुद्धा नाही मिळत. आणि मिळालं असतं तरी तुझं पत्र वाचून नासलं असतं.

रेडिओवरची गोष्ट एकदा कानावरून जाते, संपते. तू तोच शब्द दगडावर कोरायला निघालीस, तोही खोल, पावसानं पुसू नये म्हणून. आणि मला विचारतेस, पसंत आहे का.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. तुम्ही म्हणाल तो अर्थ, असं म्हणून मी आजवर सोडून दिलं असतं. पण या वेळी मी पत्र पदराखाली घेऊन मिस इनेझकडे गेले. ती पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालीय, तिच्याकडे पाटाएवढी जाड डिक्शनरी आहे. तिनं चष्मा लावला, पान काढलं आणि वाचून दाखवलं. रेप्यूटेड म्हणजे, असं आहे असं लोक म्हणतात, पण तसं असेलच असं नाही.

मी म्हटलं, "परत वाच."

तिनं परत वाचलं. म्हणाली, "बैजंती, वाक्यात उपयोग करून सांगू? अमक्या घरात म्हणे भूत आहे. तमक्या म्हाताऱ्यानं म्हणे अंगणात सोनं पुरलंय. तिथं हा शब्द वापरतात. जे कुणी पाहिलेलं नाही, त्याला."

म्हणजे मी भूत. तुझ्या भैयाच्या घरात म्हणे एक बायको होती. पहाटे उठून त्याचा डबा भरायची म्हणतात, पण खात्री नाही.

तू म्हणतेस वर्तमानपत्रात रोज येतो. येतो ना. आम्ही दोघींनी तिच्या घराखालची रद्दी काढून बसून पाहिलं. कुठे येतो सांगू? अमक्यानं आपल्या रेप्यूटेड बायकोवर कोयता चालवला. तमक्याची रेप्यूटेड बायको कोर्टात रडली. एकाची कालव्यात सापडली. दुलारी, आम्हाला एकही रेप्यूटेड बाई अशी सापडली नाही जिच्या घरी बारसं होतं, किंवा जिनं नुसता बाजारातून मासा आणला. बाई मेली नाहीतर मार खाल्ला, की तिच्यापुढे हा शब्द लागतो. चांगलं चाललेलं असतं तेव्हा तिला सगळे बायकोच म्हणतात.

मिस इनेझ तर माझ्यापेक्षा भडकली. तिनं आणि मिस्टर अडॉल्फसनं कधी लग्नच केलं नाही, तुला ठाऊक आहे. देवळात नाही, चर्चमध्ये नाही, बांबूखाली नाही. ती म्हणाली, "मी लग्न केलं नाही ते मला माहीत आहे आणि मी कुणापासून लपवलं नाही. पण माझ्या घरातला माणूस आहे की नाही याबद्दल मला शंका नाही. सकाळी त्याच्या खोकल्यानंच मी उठते." मग तिनं डिक्शनरी मिटली.

आता माझ्या लग्नाचं ऐक, तू तिथं होतीस तरी ऐक, कारण तू विसरलेली दिसतेस. तू तेरा वर्षांची होतीस, पिवळा झगा घातला होतास आणि हळदीचे हात त्यालाच पुसलेस म्हणून मायनं तुला धपाटा दिला होता. कालव्याकाठचे बांबू तुझ्या वडिलांनी, पांनीच तोडून आणले होते. मांडव घातला, अग्नीभोवती फेरे झाले, पंडितजी तीन तास उठले नाहीत. चार गावं जेवून गेली. त्या चार गावांतल्या एकालाही शंका नव्हती.

पुढे कायदा बदलला आणि मळ्याच्या कचेरीतून निरोप आला, की ज्यांची लग्नं पंडितांनी लावलीत त्यांनी जाऊन नाव नोंदवून यावं. तुझा भैया निघाला होता. सदरा घालून तयार होता. मीच म्हटलं, कशाला? तीन पोरं घेऊन त्या टोपीवाल्यापुढे उभं राहायचं आणि तो विचारणार, या बाईशी लग्न करायची तुझी इच्छा आहे का? मग इतकी वर्षं काय केलं आपण? दुसऱ्यांदा लग्न लावायचं म्हणजे पहिलं खोटं होतं असं आपल्याच तोंडानं सांगायचं. त्यानं सदरा काढून ठेवला. ते मी त्या दिवशी बोलले आणि आज परत कुणी विचारलं तर आजही तेच बोलेन.

पाटी पसंत नाही. आणि रूपर्टला तू झापलं नाहीस तर मी स्वतः जॉर्जटाउनला जाईन.

बैजंती


टोरांटो
६ जून १९८३

भौजी,

रूपर्टकडे जाऊ नकोस. त्याचा दोष नाही. फोनवर सगळा मजकूर मीच सांगितला होता, शब्दन् शब्द. तोही मीच सांगितला. तो तर म्हणाला होता, 'दीदी, नुसतं बायको लिहू का?' मी नको म्हटलं.

आता तू कितीही भडक, मला बोलू दे. तू तिकडे बसून शब्दांचे अर्थ काढतेस. मी इकडे नऊ वर्षं कागदांवर जगतेय. या देशात घर भाड्यानं घ्यायचं तर कागद, दवाखान्यात जायचं तर कागद, मेलं तरी कागद. कागदावर एक आणि तोंडात दुसरं असलं की समोरची बाई चष्म्यावरून बघते आणि म्हणते, यातलं खरं काय? मला त्या बघण्याची भीती बसलीय. म्हणून मी कागदावर असेल तेच लिहिते. भैयावर माझा जीव होता म्हणूनच लिहिलं. उद्या कुणी येऊन त्याच्या दगडावर खोटं आहे असं म्हणू नये.

आणि नाव नोंदवायला तूच नको म्हणालीस हे तूच लिहिलंयस. मग आता शब्दावर का रागावतेस? अभिमानापायी कागद केला नाही, आता तोच अभिमान दगडावरही हवा. माझं लग्न मी रजिस्ट्रारपुढे केलं. बांबू नाही, हळद नाही, पिवळा झगा नाही. पाच मिनिटांत बाहेर. मला काय हौस नव्हती? पण मी केलं.

तुझ्या पिढीचं सोड, आपल्या आधीची माणसंसुद्धा रीतभात सांभाळून होती. माय आणि पा यांच्याबद्दल असलं कुणी बोलू शकलं नसतं. पा म्हणजे मळ्यावर शब्द असलेला माणूस. त्यांचं सगळं रीतसर होतं.

पाटीचं काम सुरू झालंय. 'जगनरीन' कोरून झालंय.

दुलारी


नंबर चौसष्ट
२७ जून १९८३

दुलारी,

तूच होतीस हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि अंगण झाडलं. दोनदा झाडलं.

घरात आले तेव्हा तू अकरा वर्षांच्या पोरीएवढी दिसायचीस. तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्या. तुला पहिल्यांदा कपड्याला लागलं तेव्हा तू मायकडे नाही, माझ्याकडे आलीस. तेव्हा तुला खात्री होती मी कोण ते. तेव्हा तू कागद मागितला नाहीस.

एकच विचारते. मायचा आणि पांचा मांडव कुठल्या बांबूंचा होता? मला मायनंच सांगितलंय, चूल फुंकता फुंकता. त्याच कालव्याकाठचे, त्याच बेटातले. माझं लग्न ज्यांनी लावलं त्या पंडितजींच्या वडिलांनी त्यांचं लावलं. तेव्हा तर कायदाही बदललेला नव्हता. टोपीवाल्यापुढे ती दोघं कधी गेली?

मायच्या समाधीवर पाटी नाही, नुसता चुना आहे. एवढा चांगला कारागीर मिळालाय तर तिचीही करून घे. रामदासची रेप्यूटेड बायको, असं खोल कोर. शब्द कायद्याचा आहे, शिवी नव्हे.

बैजंती


टोरांटो
२ ऑक्टोबर १९८३

भौजी,

तीन महिने मी तुला लिहिलं नाही. तू समजली असशील रागावलेय. पहिले काही आठवडे रागावलेच होते. तुझं पत्र मी फाडणार होते. माझ्या नवऱ्यानं, हॅरीनं काढून ठेवलं म्हणून राहिलं.

मग एक दिवस पेटीतून माझा जन्माचा दाखला काढला. भौजी, तो मला नवा नाही. तो मी पहिल्यांदा पाहिला माझ्या लग्नाआधी, वीस वर्षांची असताना. त्यावर आईचं नाव आहे, सुखदै. वडिलांच्या नावाच्या जागी रेघ आहे. नुसती आडवी रेघ. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की कारकुनाची चूक. हॅरीच्या आईनं तो दाखला पाहिला आणि घडी घालून परत दिला, आणि पाच दिवसांत आम्हाला रजिस्ट्रारकडे नेलं. मांडव का घातला नाही ते तुम्हाला कुणाला मी सांगितलं नाही.

इथं आले तेव्हा विमानतळावरच्या बाईनं दाखला उलटा-सुलटा केला आणि विचारलं, 'वडील अज्ञात?' मागे रांग होती. हॅरी पुढे गेला होता. मी हो म्हटलं. मी पांच्याबद्दल हो म्हटलं. ज्यांनी मला खांद्यावर घेऊन कालवे दाखवले, मळ्याच्या साहेबापुढेही ज्यांची मान खाली झाली नाही, त्यांना मी एका बाईपुढे अज्ञात करून टाकलं, कारण तिला घाई होती.

पण तुला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि ते मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं, तुझ्या पत्रानंतर दिसलं. दाखल्याच्या खालच्या बाजूला एक ओळ असते, जन्माची खबर कुणी दिली त्याची. तिथं लिहिलंय: रामदास, मळामजूर, कचेरीत हजर. अंगठा.

समजलं का भौजी? पा स्वतः गेले होते. पावसापाण्याचे, सहा मैल चालत, मुलगी झाली हे सांगायला. कारकुनासमोर उभे होते. त्यानं त्यांचं नाव विचारलं, नाव लिहून घेतलं, अंगठा घेतला, आणि त्याच कागदावर वरती, वडील कोण, तिथं लग्नाचा कागद नाही म्हणून रेघ मारली. बाप समोर उभा असताना. पांना वाचता येत नव्हतं. ते तो कागद घेऊन खुशीत घरी आले असतील. मायला म्हणाले असतील, झालं काम.

मला इतका संताप आला की मी ड्यूटीवर एक अख्खी थाळी भिंतीवर मारली. मला वाटत होतं कागद खरं बोलतो आणि माणसं बढाया मारतात. तो कागद पांच्या तोंडावर खोटं बोलला आणि मी जन्मभर त्याचीच बाजू घेत आले. आणि वर तोच फास तुझ्या गळ्यात टाकला, भैयाला आंघोळ घालून ठेवलेलं असताना.

माफी बिफी लिहीत नाही. तू पत्रातली माफी वाचशीलही नाहीस, ओळखते मी तुला.

कारागिराकडे गेले. तो म्हणाला पाटी अर्धी झालीय, आता बदलता येणार नाही. मी म्हटलं, मग ती तुझ्या दारात पायरीला लाव. दुसरा दगड घेतलाय. मजकूर तुला आधी कळवत नाही. या वेळी पसंती विचारणार नाही. रूपर्ट हिवाळ्यात इकडे येतोय, फेब्रुवारीत परत जाईल, त्याच्या हाती येईल.

तुझी,
दुलारी


नंबर चौसष्ट
५ मार्च १९८४

माझी दुलारी,

हे पत्र तुला बऱ्या तब्येतीत मिळो. इकडे आम्ही सगळे बरे आहोत.

तू ओळखतेस म्हणालीस ते खरं, माफी मी वाचली नसती. पांचं मात्र सात-आठ वेळा वाचलं. मिस इनेझला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या कारकुनाला इंग्रजी येत होतं म्हणे."

वर्षश्राद्ध परवा झालं. त्याच्या आधीची हकिकत सांगते, तू इथं असतीस तर माझ्या बाजूला उभी राहिली असतीस.

वर्ष झाल्याची आठवण रेडिओवर द्यायची असं मी ठरवलं. आणि या वेळी जॉर्जटाउनला नाही, स्वतः जायचं. न्यू अॅमस्टरडॅमला एक मिस्टर थॉर्न म्हणून आहे, त्याच्या दुकानात रेडिओच्या बातम्या घेतात. पुढे दोरखंड आणि खिळे विकतो, मागच्या खिडकीत मयत आणि हरवलेल्या गाई लिहून घेतो. मी आणि मिस इनेझ सकाळच्या बसनं गेलो. रांग होती.

त्यानं सगळं लिहून घेतलं. नाव, ऊर्फ, गाव. मी म्हटलं, "आठवण काढणारी, बायको बैजंती."

तो म्हणाला, "आंटी, लग्नाचा दाखला?"

"नाही."

"मग मला रेप्यूटेड लिहावं लागेल."

"का?"

"पुरावा नाही ना. पुरावा नसला की तसंच लिहितात. माझ्या हातात नाही."

मी म्हटलं, "बरं. लिही. पण मग सगळंच नीट लिही. तू माझ्या नवऱ्याला मेलेला पाहिलास?"

तो म्हणाला, "नाही आंटी."

"त्याच्या मरणाचा दाखला मी तुला दाखवला?"

"नाही, पण तुम्ही सांगताय ना."

"हां. मी सांगते म्हणून तो मेला. तुझ्याकडे पुरावा नाही. मग लिही, नंबर चौसष्टचे रेप्यूटेड मयत जगनरीन. लोक म्हणतात मेला, असेलच असं नाही. आणि होमनाथ रेप्यूटेड मुलगा, त्याचाही दाखला मी आणलेला नाही. नंबर चौसष्ट हे रेप्यूटेड गाव, तू कधी आलायस? आणि तुझ्या दुकानाच्या पाटीवर थॉर्न आणि मुलगा लिहिलंय, त्यातला मुलगा तूच ना? दाखव तुझा कागद."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. थॉर्न लाल झाला. म्हणाला, "आंटी, तुम्ही मला उगाच बोलताय. मी नियम केलेला नाही."

मी म्हटलं, "बाबा, मला माहीत आहे तू केला नाहीस. आजवर मला जो भेटला त्यानं कुणीच केला नव्हता. प्रत्येकानं नुसता लिहिला."

मग रांगेत माझ्या आधी जी बाई होती, सडपातळ, डोक्याला पांढरं फडकं बांधलेली, ती परत खिडकीशी आली. मघा तिनं आपली बातमी लिहून दिली होती, नवरा चारच दिवसांपूर्वी गेलेला. ती हळूच म्हणाली, "मिस्टर थॉर्न, माझ्या कागदावर तुम्ही तेच लिहिलंत ना? मला तेव्हा बोलता आलं नाही. ते खोडा." आणि ती तिथून हलेना. मिस इनेझ तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मागून एक म्हातारा, गाय हरवली म्हणून आलेला, तो म्हणाला, "अरे लिही ना बायको. तुझ्या बापाचं काय जातंय? मला गाय शोधायचीय."

थॉर्ननं पेन्सिल घेतली. दोन्ही कागदांवर खोडलं आणि दोन्हींवर लिहिलं. माझ्या समोर लिहिलं. मी मिस इनेझकडून वाचून घेतलं, मगच खिडकी सोडली.

परवा दुपारी ऑर्गन वाजला आणि त्या बाईनं वाचलं, बायको बैजंती. काही अडलं नाही तिला. आभाळ कोसळलं नाही, सरकार पडलं नाही. चंद्रौतीची सासू समोरच होती. मी तिला विचारलं, "कॉफी अजून घेणार?" तिनं मान खाली घालून घेतली.

आता पाटी. रूपर्टनं आणली, बिचाऱ्यानं वजनदार दगड मांडीवर घेऊन प्रवास केला म्हणे. हे म्हणे मी मुद्दाम लिहिलंय, मी पाहिलेलं नाही. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "भौजी, मला वर्षभर कळत नव्हतं तुम्ही माझ्या पत्राला उत्तर का देत नाही."

त्यानं गोणपाट सोडलं आणि एक नाही, दोन दगड निघाले. मोठ्यावर भैयाचं नाव, जन्म, मृत्यू, आणि खाली एकच ओळ. बैजंतीचा नवरा. दुलारी, तू तुझं स्वतःचं नावसुद्धा घातलं नाहीस. पोरांचंही नाही. मी तिथंच जमिनीवर बसले. वर्षभर रागानं मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. प्रेमवतीला वाटलं मला काही झालं, ती पाणी घेऊन धावली.

दुसरा दगड मायचा. सुखदै, रामदासची बायको, जगनरीन आणि दुलारीची आई. आणि तिच्या शेजारी पांचं नाव, रामदास, आणि त्याच्यापुढे, त्या कारकुनानं जिथं रेघ मारली होती तिथं, वडील. तो शब्द तू बाकी अक्षरांपेक्षा मोठा करून घेतलायस. गवंडी म्हणाला चुकून मोठा झाला असेल. मी म्हटलं, चुकून नाही, तू गप लाव.

दोन्ही दगड बसले. चुना नवा मारला. भैयाच्या पाटीखाली गवंड्यानं विचारलं, एवढी जागा मोकळी सोडायची का? मी म्हटलं, माझ्यासाठी. आणि होमनाथला तिथंच उभं करून सांगून ठेवलंय, माझ्या नावाखाली एकच शब्द घालायचा, बायको. दाखला कुणी मागितला तर त्याला इथं आणायचं आणि आम्हाला दोघांना शेजारी शेजारी दाखवायचं.

आणि माझी बातमी तू फोनवर सांगशील तेव्हा रूपर्टला एवढंच म्हण, की बैजंती मेली, म्हणे नाही, खरंच.

तुझी भौजी,
बैजंती